साम्बा : तीन तऱ्हेच्या संगणकांना एकाच फोल्डरवर आणणारं सॉफ्टवेअर

एकाच कार्यालयात विंडोज, मॅक आणि लिनक्स असे सगळे संगणक असतील आणि फाइली अजूनही पेन ड्राइव्हनं किंवा व्हॉट्सॲपनं या टेबलावरून त्या टेबलावर जात असतील, तर साम्बा बसवून घ्या. साताऱ्यातल्या आमच्या छापखान्यात ते रोज चालतं आणि आमच्याकडच्या सगळ्या सॉफ्टवेअरांत माझा सगळ्यात जास्त भरवसा त्याच्यावर आहे. ते फुकट मिळतं हा फायदा आहेच, पण भरवशाचं कारण वेगळं आहे. साम्बामुळे कुणालाच आपला संगणक बदलावा लागला नाही. मात्र ते नीट लावून घ्यावं लागतं, आणि मराठी नावांच्या फाइली असतील तर काही गोष्टी आधीच माहीत असाव्या लागतात. त्या कुठे एकत्र लिहिलेल्या मला सापडल्या नाहीत, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आमच्याकडे पुस्तकं आणि अहवालांची मांडणी मॅक मिनीवर इनडिझाइनमध्ये होते. लग्नपत्रिका, हँडबिलं, स्टिकर हे सगळं विंडोज १० वर कोरलड्रॉमध्ये. स्कॅनर विंडोज ७ च्या जुन्या संगणकाला जोडलेला आहे. बिलं आणि मुद्रितशोधन लिनक्स मिंटवर, लिबरऑफिसमध्ये चालतं. साम्बा ज्या संगणकावर आहे तो, म्हणजे आमचा सर्व्हर, काउंटरवरून निवृत्त केलेला एक डेस्कटॉप आहे. त्यात डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) आणि एकमेकांची हुबेहूब प्रत ठेवणाऱ्या दोन हार्ड डिस्क आहेत. त्याला ना पडदा ना कीबोर्ड. तो एका कोपऱ्यात यूपीएसवर चालू असतो.

या सगळ्याचा खरा कस जुलै ते सप्टेंबरमध्ये लागतो. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्याव्या लागतात, त्यामुळे पतसंस्थांचे अहवाल एकदम येऊन पडतात. संस्थेकडून ताळेबंद एक्सेलमध्ये येतो. आमच्या वहिनी तो लिनक्सवर उघडून आकडे तपासतात, डिझाइन करणारी मुलगी तो मॅकवर मांडते, पीडीएफ विंडोजवर तपासली जाते आणि मग प्लेटला जाते. मधेच चेअरमनसाहेबांचा फोन येतो की संचालकांच्या यादीत एक नाव राहिलं. अशा वेळी ‘अंतिम’, ‘अंतिम २’, ‘नवीन अंतिम’ अशा प्रती चार संगणकांवर असतील तर चुकीची प्रत छापून जायला वेळ लागत नाही. साम्बामुळे अहवालाची फाइल एकच राहते. ती सर्व्हरवर असते आणि जो तो आपल्या संगणकावरून तीच उघडतो. विंडोजला ती झेड ड्राइव्हमध्ये दिसते, मॅकला फाइंडरच्या डाव्या पट्टीत, लिनक्सला फाइल मॅनेजरमध्ये.

हे जमतं कसं, तर विंडोज संगणक एकमेकांकडे फाइली मागताना एसएमबी नावाच्या ठरीव पद्धतीनं बोलतात. ही पद्धत मुळात आयबीएममध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झाली आणि पुढे मायक्रोसॉफ्टनं वाढवली. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथे अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या विद्यार्थ्याला १९९१-९२ च्या सुमारास आपल्या डॉसच्या संगणकावरून युनिक्स (लिनक्स जिच्या धर्तीवर झालं ती जुनी प्रणाली) सर्व्हरवरच्या फाइली हव्या होत्या. त्यानं तारेवरून जाणाऱ्या संदेशांचं निरीक्षण करून ती बोली शिकून घेतली आणि युनिक्सला शिकवली. तेच पुढे साम्बा झालं. मॅकलाही ही बोली येते. २०१३ च्या मॅव्हरिक्स आवृत्तीपासून तर ॲपलनं आपली स्वतःची जुनी पद्धत मागे ठेवून एसएमबीलाच पहिली पसंती दिली. त्यामुळे आज कुठल्याही संगणकावर वेगळं काही बसवावं लागत नाही. साम्बा फक्त सर्व्हरवर बसतं.

पुढचा इतिहासही मला मोलाचा वाटतो. बरीच वर्षं साम्बावाल्यांना हे सगळं अंदाजानं आणि निरीक्षणानंच करावं लागलं. मायक्रोसॉफ्टनं ही माहिती इतरांना द्यावी असा निर्णय युरोपीय आयोगानं २००४ मध्ये दिला, २००७ मध्ये तिथल्या न्यायालयानं तो कायम केला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये १०,००० युरो एकरकमी भरून या पद्धतीची अधिकृत कागदपत्रं साम्बाच्या मंडळींना पाहता येतील असा करार झाला. कंपनीच्या बंद दारामागचं ज्ञान एका खटल्यामुळे सगळ्यांसाठी उघडं झालं, आणि त्याचा उपयोग आज साताऱ्यातल्या एका छापखान्याला होतो. सिनॉलॉजी, क्यूनॅपसारख्या कंपन्यांचे जे तयार साठवणुकीचे डबे बाजारात मिळतात, त्यांच्या आतही साम्बाच असतं. म्हणजे डबा घेतला तरी पुढचं बरंचसं लागू पडतं.

बसवणं सोपं आहे. डेबियन किंवा उबुंटूवर एका आदेशात ते येतं. अवघड भाग त्यानंतरचा. साम्बाची सगळी व्यवस्था एकाच मजकूर-फाइलीत लिहायची असते आणि तिच्यात लिहिता येण्याजोगे पर्याय शेकडो आहेत. इंटरनेटवर कुणीतरी २००८ साली लिहिलेली पंचवीस ओळींची यादी सापडते, लोक ती जशीच्या तशी डकवतात आणि मग साम्बा हळू चालतं म्हणून तक्रार करतात. त्या यादीतल्या निम्म्या ओळी आज निरुपयोगी आहेत आणि सॉकेटच्या आकारांबद्दलच्या ओळी तर वेग कमी करतात. कमीत कमी लिहा. फाइल बदलली की ‘टेस्टपार्म’ हा आदेश चालवा. तो चुका दाखवतो. आणि कुणाच्या हातात कुठली फाइल उघडी आहे हे पाहायला ‘एसएमबीस्टेटस’ आहे. प्लेटला पाठवायच्या आधी अहवाल अजून कुठे उघडा तर नाही ना, हे मी त्यावरच पाहते.

पहिला प्रश्न परवानग्यांचा येतो. डिझाइनच्या मुलीनं केलेली पीडीएफ विंडोजवाल्या दादांना उघडता येते पण सेव्ह करता येत नाही, हा प्रकार जवळजवळ प्रत्येक नव्या साम्बात घडतो, कारण लिनक्सवर फाइल ज्यानं तयार केली त्याच्या मालकीची असते. एका हार्डवेअरवाल्यानं आम्हाला सुचवलेला उपाय होता ‘सगळ्यांना सगळी परवानगी, पासवर्ड काढून टाका’. तो उपाय मी घेतला नाही आणि कुणीही घेऊ नये. नीट उत्तर असं : सर्व्हरवर एक गट तयार करायचा, सगळ्यांना त्या गटात घालायचं, आणि साम्बाला सांगायचं की या फोल्डरमध्ये येणारी प्रत्येक फाइल त्या गटाच्या नावे कर, फाइलींना ०६६४ आणि फोल्डरांना २७७५ अशी परवानगी दे, म्हणजे गटातल्या सगळ्यांना वाचता-लिहिता येतं. चार ओळींचं काम आहे. हिशेबाचं फोल्डर वेगळं ठेवायचं आणि तिथे फक्त वहिनींचं व माझं नाव घालायचं. प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड हवा. तो लिनक्सच्या पासवर्डपेक्षा वेगळा साठवला जातो, म्हणून तो ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’नं स्वतंत्र द्यावा लागतो, नवे लोक इथे हमखास अडकतात.

मॅक आला की निराळीच अडचण येते, आणि इथे साम्बाचं खरं कौतुक करावंसं वाटतं. मॅक प्रत्येक फाइलीबरोबर स्वतःची काही जादा माहिती ठेवतो. समोरच्या सर्व्हरला ती ठेवता येत नसेल तर तो प्रत्येक फाइलीला जोडून दुसरी एक छोटी फाइल करतो, जिचं नाव टिंब आणि अधोरेषेनं सुरू होतं. मॅकवर ती दिसत नाही, पण विंडोजवर दिसू शकते. आमचे मशीनवाले काका अहवालाची पीडीएफ म्हणून नेमकी तीच उघडायचे आणि फाइल खराब आहे असा संदेश यायचा. मुलगी म्हणायची, ‘काका, माझ्याकडे तर उघडते.’ दोघंही खरं बोलत होते.

यावर साम्बात ‘फ्रूट’ नावाचा जोडभाग आहे, २०१५ च्या ४.२ आवृत्तीपासून. त्याच्याबरोबर ‘कॅटिया’ आणि ‘स्ट्रीम्स एक्सॲटर’ हे आणखी दोन लागतात, आणि क्रम कॅटिया, फ्रूट, स्ट्रीम्स असाच हवा. मग मॅकची जादा माहिती मूळ फाइलीलाच चिकटून राहते आणि त्या टिंबवाल्या फाइली नव्यानं तयार होत नाहीत. हे एका फोल्डरपुरतं न लिहिता सगळ्यांसाठीच्या सुरुवातीच्या भागात लिहा. मॅक सर्व्हरशी पहिल्यांदा जोडला जातो तेव्हाच या सोयी ठरतात, आणि पहिलं उघडलेलं फोल्डर फ्रूटविना असलं तर बाकीच्यांनाही त्या मिळत नाहीत. हा बारकावा माहिती-पानात एका ओळीत आहे आणि नेमका तोच नजरेतून सुटतो. फोल्डराची मांडणी लक्षात ठेवणारी डीएस-स्टोअर ही फाइल मात्र वेगळी. ती नेटवर्कवर लिहू नये यासाठी मॅकच्या टर्मिनलमध्ये द्यायचा एक आदेश खुद्द ॲपलच्या मदतपानावर आहे. आम्ही तो दिला, फोल्डरं स्वच्छ राहिली. शिवाय ४.८ आवृत्तीपासून मॅकचा टाइम मशीन बॅकअपही साम्बावर घेता येतो. त्याला कमाल जागा ठरवून द्या, नाहीतर तो डिस्क भरत जातो.

आता मराठी नावांबद्दल. हा भाग मी मुद्दाम लांबवणार आहे, कारण इंग्रजी नावं देणाऱ्यांना हा प्रश्न भेटतच नाही.

आम्ही फाइलींना मराठीतच नावं देतो. ग्राहकाला काय हवं ते सहा महिन्यांनी शोधायचं तर ‘आरपीटीएफएनएल३’ वगैरेपेक्षा संस्थेचं नाव मराठीत असणं केव्हाही बरं. साम्बाला २००३ च्या ३.० आवृत्तीपासून युनिकोड कळतं, त्यामुळे देवनागरी नाव विंडोजवर दिलं की मॅक आणि लिनक्सवर जसंच्या तसं दिसतं. अडतं ते लांबीला. विंडोज नाव मोजताना चिन्हं मोजते, आणि २५५ पर्यंत चालतात. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धती), ईएक्सटी४ काय किंवा बीटीआरएफएस काय, २५५ बाइट मोजतात. इंग्रजी अक्षर एका बाइटचं, देवनागरी चिन्ह तीन बाइटांचं. काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं. ‘वार्षिक’ या शब्दातल्या ‘र्षि’मध्येच चार चिन्हं आहेत, म्हणजे बारा बाइट. हिशेब केला तर लिनक्सवर देवनागरी नावाला जेमतेम ८५ चिन्हं मिळतात.

आता हे नाव पाहा : ‘ग्रामीण बिगरशेती सहकारी पतसंस्था मर्यादित सातारा वार्षिक अहवाल ताळेबंद व नफातोटा पत्रक अंतिम दुरुस्त प्रत’. सहकार क्षेत्रातलं अगदी साधं नाव. मधल्या मोकळ्या जागा आणि शेवटचं डॉट पीडीएफ धरून ही १०९ चिन्हं होतात, विंडोजला काहीच हरकत नाही. पण बाइट होतात २९१. सर्व्हरवर टाकायला गेलं की कॉपी होत नाही, आणि येणाऱ्या संदेशावरून कारण कळत नाही. डिस्क बिघडली, केबल सैल झाली, असे तर्क सुरू होतात. म्हणून आमच्याकडे नियम आहे की संस्थेचं नाव आणि वर्ष फोल्डराला द्यायचं, आतल्या फाइलीला फक्त ‘ताळेबंद’, ‘मुखपृष्ठ’, ‘संचालक मंडळ’ एवढंच. मर्यादा प्रत्येक नावाची वेगळी मोजली जाते, त्यामुळे एवढ्यानं काम भागतं.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे आणि ती थेट मराठीच्या ‘ऱ’शी जोडलेली आहे. ‘साताऱ्यातील’, ‘दुसऱ्या’, ‘कुऱ्हाड’ यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो : एकच स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि त्यामागे नुक्ता (अक्षराखालचं टिंब) अशी दोन चिन्हं म्हणून. दोन्हींचा अर्थ एकच, पडद्यावर दिसतंही सारखं. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल सिस्टिम अशी अक्षरं नेहमी फोडून साठवायची. जुन्या मॅकवरचा सगळा संग्रह आम्ही आरसिंकनं (फाइलींची प्रत एका संगणकावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या साधनानं) सर्व्हरवर आणला तेव्हा ती फोडलेली नावं तशीच आली, कारण लिनक्स नावात काहीही बदल करत नाही. मॅक मात्र साम्बाशी बोलताना नाव जोडलेल्या रूपात मागतो. परिणाम असा की ‘दुसऱ्या आवृत्तीचं मुखपृष्ठ’ ही फाइल मॅकच्या यादीत दिसायची पण उघडायची नाही, आणि तिच्याच शेजारची ‘पहिल्या आवृत्तीचं मुखपृष्ठ’ बिनतक्रार उघडायची. विंडोजवर दोन्ही उघडत, पण शोधात ‘दुसऱ्या’ टाइप केलं तर सापडायची नाही. ज्या ज्या नावात ‘ऱ’ होता तेवढीच अडली होती, आणि हे लक्षात आल्यावरच उत्तर सापडलं.

उत्तर आहे ‘कन्व्हएमव्ही’ नावाचं छोटं साधन. ते डेबियनमध्ये मिळतं. त्याला यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची नेहमीची पद्धत) मधून यूटीएफ-८ मध्येच, पण जोडलेल्या रूपात, अशी सूचना द्यायची. आधी ते नुसतं काय बदलेल ते दाखवतं, आणि वेगळी परवानगी दिली की मगच खरोखर बदलतं. ही पद्धत मला फार आवडली. जुन्या मॅकवरून संग्रह आणायचाच असेल तर आरसिंकलाही नावांचं रूपांतर करायला सांगणारा पर्याय आहे. तो सुरुवातीलाच वापरा. या आरसिंकचा एक कर्ता तोच अँड्र्यू ट्रिजेल आहे, ते १९९६ मध्ये आलं. आमची रात्रीची बॅकअपही त्याच्यावरच चालते, म्हणजे या एका माणसाच्या कामावर आमचा केवढा व्यवहार उभा आहे.

नावांतलं उरलेलं थोडक्यात. तारीख लिहिताना तिरकी रेघ, वेळ लिहिताना विसर्गासारखी दोन टिंबं, प्रश्नचिन्ह आणि तारा ही चिन्हं विंडोजला नावात चालत नाहीत. तिरकी रेघ सोडून बाकीची लिनक्सवर चालतात, म्हणून तिथे केलेलं ‘बैठक १०:३०’ हे नाव विंडोजवर भलत्याच आठ अक्षरांत आणि लाटेसारख्या चिन्हासह दिसतं. तारखेला आडवी रेघ वापरा, काही अडत नाही.

चुकून पुसल्या जाणाऱ्या फाइलींसाठीची व्यवस्था हे साम्बाचं आणखी एक बलस्थान आहे. नेटवर्कवरची फाइल विंडोजवरून डिलीट केली तर ती रिसायकल बिनमध्ये जात नाही, कायमची जाते. बहुतेकांना हे ठाऊक नसतं. साम्बात ‘रिसायकल’ जोडभाग चालू केला की पुसलेली फाइल सर्व्हरवरच्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये जाते, आणि तसं सांगून ठेवलं तर आपल्या मूळ जागेच्या पत्त्यासकट. जुन्या फाइलीवर नवी सेव्ह केली तर मात्र तो काही करू शकत नाही. त्यासाठी आम्ही बीटीआरएफएसवर ठरावीक वेळानं डिस्कची स्थिती टिपून ठेवतो आणि साम्बाच्या ‘शॅडो कॉपी’ भागातून ती विंडोजला दाखवतो. मग फाइलीवर उजवी कळ दाबून ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’मध्ये सकाळची, कालची प्रत मिळते. कोरलवाल्या दादांना आता मला विचारावंही लागत नाही. मॅकच्या फाइंडरमध्ये ही सोय दिसत नाही, तिथल्या मुलीला जुनी प्रत विंडोजवरून काढून घ्यावी लागते. एवढं उणं आहे.

वेगाबद्दल साम्बाला दोष देण्याआधी केबल पाहा. गिगाबिट जोडणीवर मोठी फाइल सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास जायला हवी. ती ११ वर अडकली असेल तर जोडणी १०० मेगाबिटवर घसरली आहे, आणि बहुधा केबलच्या आठ तारांपैकी एखादी टोकाला नीट बसलेली नाही. चारच तारांवर १०० मेगाबिट चालतं, म्हणून सगळं ‘चालू’ दिसतं. आमच्या स्कॅनरच्या खोलीत हेच होतं. टोक नव्यानं दाबून घेतल्यावर वेग दहापट झाला. हजारो छोट्या फाइलींच्या फोल्डरवर मात्र साम्बा खरोखर मंद पडतं. विंडोजसाठी मोठ्या-छोट्या इंग्रजी अक्षरांत फरक करायचा नाही, आणि लिनक्स तो करतं. त्यामुळे एखादं नाव शोधायला कधीकधी अख्खी यादी चाळावी लागते. वर्षावार फोल्डर करा.

सगळ्यात खटकणारी उणीव म्हणजे सर्व्हर आपण होऊन दिसत नाही. विंडोजच्या ‘नेटवर्क’मध्ये पूर्वी शेजारचे संगणक आपसूक दिसायचे, ती सोय एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीवर उभी होती. ती आवृत्ती गेली तशी सोयही गेली. साम्बा बसवल्यावर विंडोजला काहीच दिसत नाही आणि माणूस समजतो की बसलंच नाही. त्यासाठी ‘डब्ल्यूएसडीडी’ नावाचा वेगळा प्रोग्राम लागतो, आणि मॅकसाठी ‘अवाही’. हे दोन्ही साम्बाबरोबरच यायला हवेत असं माझं ठाम मत आहे. इतक्या साध्या गोष्टीसाठी किती जणांनी साम्बाचा नाद सोडला असेल! तोवर सर्व्हरला राउटरमध्ये कायमचा आयपी पत्ता द्या आणि झेड ड्राइव्ह त्या पत्त्यावरून जोडा.

विंडोजची एक खोडही सांगून ठेवते. एकाच सर्व्हरला एकाच वेळी दोन वेगळ्या नावांनी जोडता येत नाही. दादांच्या नावानं झेड ड्राइव्ह जोडलेला असताना मी माझ्या नावानं हिशेबाचं फोल्डर उघडू पाहिलं तर विंडोज अडवते. जुनी जोडणी तोडावी लागते, किंवा एकदा आयपी पत्त्यानं आणि एकदा सर्व्हरच्या नावानं गेलं तर विंडोज त्यांना दोन वेगळे सर्व्हर समजते आणि काम होतं.

एसएमबीची ती पहिली आवृत्ती का गेली, हे मात्र गंभीरपणे घ्या. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली अडवून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच आवृत्तीतल्या भोकातून. महिनाभरानं नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसनंही तेच भोक वापरलं, आणि त्यात आपल्या न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम थांबलं होतं. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून विंडोज १० मधून पहिली आवृत्ती काढायला सुरुवात झाली, आणि साम्बानं २०१९ च्या ४.११ मध्ये ती आपणहून बंद ठेवायला सुरुवात केली. साम्बाही निर्दोष नव्हतं. मे २०१७ मध्येच त्याच्यातही एक मोठं भोक सापडलं, २०१० च्या ३.५ पासूनच्या आवृत्त्यांत असलेलं, आणि ते तातडीनं बुजवलं गेलं. डेबियनच्या सुरक्षा-दुरुस्त्या आपोआप बसतील अशी व्यवस्था ठेवा. एसएमबी ज्यावरून चालतं तो ४४५ क्रमांकाचा पोर्ट राउटरमधून बाहेर कधीही उघडू नका, घरून काम करायचं असलं तरी. त्यासाठी व्हीपीएन, म्हणजे बाहेरून आपल्या नेटवर्कमध्ये यायचा सुरक्षित मार्ग, वापरा.

आमच्याकडे स्टिकर कापायचा प्लॉटर विंडोज एक्सपीवर आहे आणि एक्सपीला फक्त पहिली आवृत्ती येते. साम्बात ती एका ओळीनं पुन्हा चालू करता येते. मी केली नाही. त्या एका संगणकासाठी सगळ्या ग्राहकांच्या फाइली धोक्यात घालणं मला पटत नाही. एक्सपी नेटवर्कबाहेर आहे आणि त्याच्याकडे पेन ड्राइव्हच जातो.

विंडोजवरचंच फोल्डर शेअर केलं तर चालणार नाही का, असं बरेचजण विचारतात. दोन-तीन संगणक असतील तर जरूर चालेल. पण त्या संगणकावर कुणीतरी काम करत असतं, तो अपडेटसाठी मधेच बंद होतो, आणि मॅकची जादा माहिती, पुसलेल्या फाइली, जुन्या प्रती या वर सांगितलेल्या बाबतींत साम्बाइतकी मोकळीक मिळत नाही. सिंकथिंग हे संगणकांवरची फोल्डरं एकसारखी ठेवणारं सॉफ्टवेअर चांगला पर्याय आहे, पण त्यात प्रत्येक संगणकावर वेगळी प्रत राहते आणि दोघांनी एकदम फाइल बदलली की दोन फाइली होतात. अहवालाच्या कामाला ते उपयोगाचं नाही. साम्बात कोरलची फाइल एकाकडे उघडी असताना दुसऱ्याला ती वापरात असल्याचं कळतं. मोबाइलवरूनही फाइली पाहता येतात. आयफोनच्या फाइल्स ॲपमध्ये २०१९ पासून सर्व्हर जोडायची सोय आहे, अँड्रॉइडवर एखादा फाइल मॅनेजर घ्यावा लागतो. ग्राहक काउंटरवर उभा असताना जुनी पत्रिका फोनवर काढून दाखवता येते, आणि बरेचदा ऑर्डर तिथेच पक्की होते.

ज्यांच्याकडे आधीपासून पासवर्डविना साम्बा चालू आहे त्यांच्यासाठी एक सूचना. विंडोज ११ प्रो ची २४एच२ आवृत्ती पाहुणा म्हणून जोडणी करू देत नाही, आणि प्रत्येक संदेशावर सही असल्याचा आग्रह धरते. नवा संगणक आला, झेड ड्राइव्ह जोडेना, की लोक इंटरनेटवर पाहून विंडोजचीच सुरक्षा बंद करतात. तसं करू नका. साम्बाला ही सही येते, फक्त सही करायला खरं नाव आणि पासवर्ड लागतो. सर्व्हरवर प्रत्येकाचं खातं उघडा. मायक्रोसॉफ्टच्या ईमेलनं सुरू होणाऱ्या संगणकावर विंडोज आपलाच ईमेल पुढे करते, तिथे सर्व्हरवरचं नाव लिहा आणि ‘लक्षात ठेव’वर खूण करा. आमच्याकडे नवा माणूस कामाला लागला की पहिल्या सकाळी वहिनी एवढंच करून देतात.